स्त्री-पुरुष स्वभावभेद, प्रश्नावली आणि विद्यार्थ्यांचा नमुना

‘स्त्रिया अधिक चिंताशील, पुरुष अधिक साहसी’ अशा आशयाचे प्रश्नावलीवर आधारित शोधनिबंध आपल्या वाचनात येतात. त्यांतील उत्तरे पुष्कळदा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची असतात, कारण ते एकाच वर्गात सहज उपलब्ध होतात. हे निष्कर्ष ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील आपल्या रुग्णांना जसेच्या तसे लावता येतील काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सँड्रा बेम यांनी १९७४ मध्ये ६० गुणवाचक शब्दांची सूची प्रसिद्ध केली. कोणते गुण पुरुषास व कोणते स्त्रीस इष्ट मानले जातात, हे त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडून ठरवून घेतले होते. ही सूची पुढे अन्य देशांतही वापरली गेली. २००१ मध्ये कोस्टा, टेरासियानो व मॅक्रे यांनी २६ संस्कृतींतील २३ हजारांहून अधिक व्यक्तींची उत्तरे तपासली. स्त्री-पुरुषांतील भेद युरोप-अमेरिकेत अधिक, तर आशिया-आफ्रिकेत कमी आढळला. अर्थात, भेदाचे प्रमाण देशपरत्वे बदलते.

आयुर्वेदास हे नवीन नाही. चरकाचार्यांनी इंद्रियस्थानात जाती, कुल, देश, काल, वय व प्रत्यात्मनियतता या सहा अंगांनी प्रकृतीचा विचार सांगितला आहे. एका वर्गातील विद्यार्थ्यांत वय, काल व बहुतांशी देश एकच असतो. त्यातून बी.ए.एम.एस.च्या विद्यार्थ्यांस वातप्रकृतीची लक्षणे पाठच असल्याने कोणते उत्तर कोठे नेते, हे त्यास आधीच ठाऊक असते.

‘झोप कमी लागते काय?’ हा प्रश्न घेऊ. विद्यार्थिनीचे ‘होय’ परीक्षेच्या जागरणाचे असू शकते. डोंबिवलीहून पहाटेची लोकल धरणाऱ्या, रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरील स्त्रीचे ‘होय’ निराळे असते. प्रश्नावली दोघींस समान गुण देते. वैद्याने मात्र प्रकृती, विकृती व विहार वेगळे करावयाचे असतात. त्यासाठी प्रश्नाला दर्शन व स्पर्शन यांची जोड अपरिहार्य आहे.

औषधविक्रेत्यांसही हे लागू आहे. ‘स्त्रियांच्या चिंतेवर खास’ असे कल्प विक्रीस ठेवण्यापूर्वी त्यामागील अभ्यासात कोणत्या वयाच्या, कोणत्या व्यवसायाच्या किती स्त्रिया होत्या आणि वैद्याने त्यांची प्रत्यक्ष परीक्षा केली होती काय, हे विचारावे. उत्तर ‘एका महाविद्यालयातील विद्यार्थिनी’ एवढेच असेल, तर तो निष्कर्ष त्या वर्गापुरता मानावा.

प्रश्नावली त्याज्य आहे, असे आमचे म्हणणे नाही. ती परीक्षेचा आरंभ आहे. तिला निदान समजल्यास चिकित्सा चुकते आणि त्याची झळ रुग्णास लागते.