पडद्यावरचा बंड्या, कागदावरचा बंड्या : पायलट स्टडी कशासाठी?

पेट झाली, सिनॉप्सिस मंजूर झाला की आपल्याला एकच घाई असते, डेटा गोळा करायची. 'पायलट स्टडी करण्यात येईल' हे वाक्य आपण प्रस्तावात लिहितो, पण खरं सांगायचं तर गाईड विचारतील म्हणून लिहितो. मीही तसंच लिहिलं होतं. पायलट नेमका कशासाठी असतो हे मला कळलं ते एका कुत्र्याचं चित्र छापताना. आज तेच उदाहरण घेऊ.

माझ्या मावशीचा बंड्या तेरा वर्षांचा होऊन गेला. अंगाने काळा कुळकुळीत, दोन्ही डोळ्यांवर तांबूस ठिपके, म्हातारपणी तोंडाभोवती आलेली पांढुरकी झाक. त्याचे मोबाइलवर पुष्कळ फोटो होते, पण भिंतीवर लावावा असा एकही नव्हता. म्हणून मावशीच्या एकसष्टीला त्याचं डिजिटल चित्र काढून, छापून, फ्रेम करून द्यायचं ठरवलं.

चित्र काढायला क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. आकार आधी ठरवला, कारण लहान चित्र नंतर ताणून मोठं केलं तर ते फुटतं. ए३ कागद २९७ × ४२० मिलिमीटरचा असतो. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर फाइल ३५०८ × ४९६१ पिक्सेलची लागते. मग वेगवेगळ्या लेयरवर काम केलं : खाली रेखाटन, त्यावर उजेड-सावलीचे मोठे भाग, मग केसांची दिशा, शेवटी डोळ्यातला चमकीचा ठिपका. काळा कुत्रा रंगवताना काळा रंग जवळजवळ वापरतच नाहीत, हेही शिकलो. सावलीत निळसर, उन्हात तपकिरी अशा खूप गडद छटा एकमेकींशेजारी ठेवाव्या लागतात. तीन आठवडे गेले. पडद्यावर बंड्या अगदी हुबेहूब दिसत होता.

फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि थेट ए३ कॅनव्हासवर छापून आणली. हातात आला तो काळा डाग. मागचं हिरवंगार गवत मळकं, आणि डोळ्यांवरचे तांबूस ठिपके गडद केसांत बुडालेले. घरी आईने पाहिलं आणि म्हणाली, "कुत्रा छान आहे रे, पण हा आपला बंड्या नाही वाटत." मला वाटलं दुकानदाराचं मशीन बिघडलंय. मशीन ठीक होतं. चूक माझ्या गृहीतकात होती : पडद्यावर दिसतं तेच कागदावर येणार.

असं का झालं, ते तीन टप्प्यांत पाहू.

पहिला टप्पा, उजेड. पडदा स्वतः प्रकाश बाहेर टाकतो. लाल, हिरवा, निळा हे तीन प्रकाश मिसळून तो रंग तयार करतो, म्हणून ती पद्धत आरजीबी. कागद स्वतः प्रकाश देत नाही. निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई खोलीतल्या उजेडाचा काही भाग शोषते आणि उरलेला आपल्या डोळ्यांकडे परततो. ही सीएमवायके. दोन्ही पद्धतींना जे रंग दाखवता येतात त्यांचा आवाका, म्हणजे गॅमट, वेगळा असतो. पडद्यावरचा झगझगीत हिरवा चार शाईंच्या आवाक्यात नसतोच. शिवाय खडबडीत कॅनव्हासवर काळा तितका खोल येत नाही. गडद आणि उजळ यांतलं अंतर कमी झालं की शेजारशेजारच्या गडद छटा एक होतात. माझ्या बंड्याचे बहुतेक केस ० ते २५५ या मोजपट्टीवर ८ ते ३० यांच्यामध्येच होते. ते सगळे एका काळ्यात जमा झाले.

दुसरा टप्पा, आकडे. फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात. तो आकडा कोणत्या मोजपट्टीवरचा आहे हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ही माहिती कलर प्रोफाइलमध्ये असते. याची एक सर्वमान्य पद्धत असावी म्हणून १९९३ साली इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम स्थापन झालं, आणि पडद्यासाठी एसआरजीबी ही मोजपट्टी १९९६ साली पुढे आली. मी फाइल प्रोफाइल न जोडताच दिली होती. वर माझ्या लॅपटॉपची ब्राइटनेस रात्रंदिवस पूर्ण असायची, त्यामुळे गडद छटा मला होत्या त्यापेक्षा उजळ दिसत होत्या. म्हणजे माझं मोजमापाचं साधनच कॅलिब्रेट केलेलं नव्हतं!

तिसरा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, पाहणारा. रंग वस्तूत नसतो. प्रकाश, वस्तू आणि निरीक्षक या तिघांमिळून तो ठरतो. रंग मोजण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत सीआयई या संस्थेने १९३१ साली ठरवली, ती इंग्लंडमधल्या राइट आणि गिल्ड या दोन संशोधकांच्या प्रयोगांवर उभी आहे. राइटकडे १० निरीक्षक होते, गिल्डकडे ७. या १७ जणांच्या डोळ्यांवरून 'प्रमाणित निरीक्षक' ठरला. तो २ अंशांच्या लहानशा दृष्टिक्षेत्रासाठी होता, म्हणून १९६४ साली १० अंशांचा दुसरा निरीक्षक जोडला गेला. आजही कापड किंवा रंग उद्योगातल्या अहवालात आकड्याशेजारी 'डी६५, १० अंश' असं लिहिलेलं दिसतं. कोणत्या प्रकाशात आणि कोणत्या निरीक्षकासाठी मोजलं, ते त्यातून कळतं. आणि गंमत म्हणजे खुद्द बंड्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, आपल्या तीन. त्याचं ते हिरवंगार गवत त्याने आपल्यासारखं कधी पाहिलंच नसणार.

आता दुसरा प्रयत्न. या वेळी आधी दुकानात जाऊन विचारलं, "फाइल कशी देऊ?" त्यांनी एसआरजीबीच मागितली, सीएमवायके रूपांतर त्यांचं मशीन करतं. (स्वतः रूपांतर करून देण्याआधी हे विचारा, नाहीतर दोनदा रूपांतर होऊन रंग आणखी बिघडतो.) त्यांच्याकडून प्रिंटर आणि कागदाचं प्रोफाइल घेऊन क्रितात सॉफ्ट प्रूफ लावलं, म्हणजे छापील चित्र साधारण कसं दिसेल ते पडद्यावरच पाहिलं. कोणते रंग आवाक्याबाहेर आहेत तेही तिथे कळतं. गवत तिथेच थोडं फिकं केलं. पडद्याची ब्राइटनेस उतरवली. कॅलिब्रेशनचं उपकरण असेल तर ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ठेवतात. नसेल तर पडद्याशेजारी पांढरा कागद धरा आणि पडद्यावरचं कोरं पान त्याच्याइतकंच पांढरं दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा.

मग पायलट. फक्त डोळा आणि तांबूस ठिपका एवढाच तुकडा घेतला. त्याच्या पाच पट्ट्या केल्या आणि प्रत्येकीत गडद भाग एकेक पायरी उजळ करत नेला. पाचही एकाच ए४ कागदावर, एकाच वेळी छापल्या. कागद, शाई, मशीन सगळं तेच. बदललं ते एकच चल. पूर्ण चित्रांच्या पाच प्रती काढल्या असत्या तर खर्च झाला असता आणि काय बदलल्याने काय झालं ते कळलंही नसतं.

पट्ट्या कापून मागे क्रमांक टाकले आणि मावसभावाला दिल्या. कोणती कशी केलीय ते सांगितलं नाही. त्याने खिडकीच्या उजेडात दुसरी निवडली. संध्याकाळी हॉलमधल्या पिवळ्या दिव्याखाली, क्रमांक न दाखवता पुन्हा विचारलं, तर त्याने चौथी उचलली! मंद उजेडात गडद छटा आणखी मिटतात, म्हणून तिथे जास्त उजळ पट्टी बरी वाटली. चित्र लागणार होतं हॉलमध्ये, आणि मावशी तिथे बसते ती बहुधा संध्याकाळी. म्हणून चौथीप्रमाणे छापलं. 'उत्तम' प्रिंट कोणती, याचं उत्तर ती कुठे वापरायची यावर अवलंबून होतं.

आता हे तुमच्या प्रस्तावाला लावून पाहा. तुमची प्रश्नावली, तुमचा सेन्सर, तुमचं मुलाखतीचं वेळापत्रक हा तुमचा पडदा आहे. तुम्हाला ते स्वच्छ दिसतं, कारण तुम्ही महिनोन्महिने त्याच्यासमोर बसलेले असता. शहरात तयार केलेली प्रश्नावली गावात गेल्यावर तीन प्रश्नांची उत्तरं सगळ्यांची सारखीच येत असतील, तर तुमच्या गडद छटा एक झाल्यात असं समजा. हे पंधरा जणांवर कळलं तर प्रश्न बदलता येतो. चारशे जणांवर कळलं तर माझ्या पहिल्या कॅनव्हाससारखी गत होते. एक मर्यादाही लक्षात ठेवा : माझा परीक्षक एकच होता. भेटवस्तूला तेवढं चालतं, प्रबंधाला नाही.

एकसष्टीच्या संध्याकाळी मावशीने फ्रेम हातात घेतली, दिव्याखाली नेली आणि काही न बोलता डोळ्यावरच्या तांबूस ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "इथे खाजवलं की झोपायचा."

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या सिनॉप्सिसमधला एखादा रंगीत आलेख साध्या ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटरवर छापा आणि विषय माहीत नसलेल्या कुणाला तरी दाखवा. दोन रेषा वेगळ्या ओळखता आल्या नाहीत, तर आधी आलेख बदला. आणि मग 'पायलट स्टडी करण्यात येईल' या वाक्यापुढे तीन गोष्टी लिहा : काय बदलणार, काय स्थिर ठेवणार, आणि कोण पाहणार.