हुबळीच्या नळावर तीन शास्त्रे

मराठी वाचकाला धारवाड ठाऊक असते ते गाण्यामुळे, जी. ए. कुलकर्णींमुळे आणि पेढ्यांमुळे. हुबळी ठाऊक असते ती रेल्वेमुळे. या दोन गावांत वीसेक किलोमीटरचे अंतर, १९६२ साली दोहोंची मिळून एकच महापालिका झाली, आणि तेवढ्या पट्ट्यात अभ्यास-संशोधनाच्या संस्थांची अशी दाटी की धारवाडला विद्याकाशी म्हणायची पद्धतच पडून गेली. तिथल्या मनोरुग्णालयाचा इतिहास १८४५ पर्यंत मागे जातो. आज ती मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची संस्था आहे. १९४७ साली शेतकी कॉलेज निघाले, १९८६ मध्ये त्याचे कृषी विद्यापीठ झाले. हुबळीचे भूमरड्डी अभियांत्रिकी कॉलेजही १९४७ चेच. कर्नाटक विद्यापीठ तर १९४९ साली स्थापन झाले ते मुंबईत, आणि वर्षभरात त्याने आपले बिऱ्हाड धारवाडला हलवले. केंब्रिजचे रँग्लर डी. सी. पावटे १९५४ ते १९६७ एवढा मोठा काळ त्याचे कुलगुरू होते. १९५७ मध्ये हुबळीत मेडिकल कॉलेज आले, २०१६ मध्ये धारवाडला आयआयटी. यादी आणखी लांबवता येईल, पण यादी लांबली म्हणजे संशोधनातले वैविध्य वाढले असे मानण्याची घाई नको. कापसाचा अभ्यासक, मनोविकारतज्ज्ञ आणि नगररचनाकार एकाच शहरात जन्म काढूनही एकमेकांचा एकही निबंध न वाचता निवृत्त होऊ शकतात. वैविध्याला किंमत येते ती वेगवेगळ्या शास्त्रांनी एकाच वस्तूला प्रश्न विचारले आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला अडचणीत आणू लागले की. हुबळी-धारवाडमध्ये हे एकदा फार चांगल्या रीतीने घडले, आणि ती वस्तू होती घरातला पाण्याचा नळ.

या जोडशहराला पाणी येते ते मुख्यतः सौंदत्तीजवळच्या मलप्रभा धरणातून आणि कलघटगीकडच्या नीरसागर तलावातून. ते नळाला रोज येत नसे. दोनचार दिवसांनी, टंचाईत त्याहूनही उशिरा, तेही काही तास. वॉल्व्हमनने गल्लीची चावी फिरवली की घरोघर पिंपे, घागरी, हंडे भरण्याची धांदल. हे चित्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाला नवे नाही. नवे होते ते पुढचे. जागतिक बँकेच्या कर्जातून कर्नाटक सरकारने हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा या शहरांचे काही निवडक भाग घेतले, तिथल्या नळजोडण्यांचे जाळे नव्याने टाकले, मीटर बसवले, कारभार एका खासगी कंपनीकडे सोपवला आणि २००८ च्या सुमारास तिथे चोवीस तास पाणी सुरू केले. हुबळी-धारवाडमध्ये लोकसंख्येच्या दहाएक टक्के लोक या प्रायोगिक भागांत आले. बाकीचे शहर पूर्वीसारखेच वाट पाहत राहिले. खासगीकरणाच्या बाजूने आणि विरोधात जे बोलायचे ते लोक बोललेच. पण या वादाच्या आड एक गोष्ट आपोआप तयार झाली होती. एकच शहर, एकच महापालिका, टाक्यांत चढणारे पाणी जवळपास सारख्याच प्रतीचे, आणि घरी पोचवण्याच्या रीती मात्र दोन. अशी तुलना ठरवून घडवायला गेले तर कोणते सरकार परवानगी देईल?

पहिला प्रश्न विचारला तो पाण्याच्या अभियंत्यांनी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एमिली कुंपेल आणि कारा नेल्सन यांनी वर्षभर टाक्यांतले, नळातले आणि घरात पिण्यासाठी भरून ठेवलेले अशा तिन्ही ठिकाणच्या पाण्याचे नमुने तपासले. टाकीपाशी दोन्हीकडचे पाणी सारखेच निघाले. नळापाशी मात्र चित्र पार बदलले: मैल्याची खूण मानला जाणारा ई-कोलाय जंतू चोवीस तास पाण्याच्या भागात ०.७ टक्के नमुन्यांत सापडला, अधूनमधून पाणी येणाऱ्या भागात ३१.७ टक्के नमुन्यांत. म्हणजे बिघाड धरणात नव्हता, शुद्धीकरण केंद्रातही नव्हता. तो रस्त्याखालच्या नळीत होता. त्याची तऱ्हाही त्यांनी अकरा ठिकाणी दाबमापक लावून उकलली. पाणी बंद असते तेव्हा नळी रिकामी आणि बिनदाबाची पडून राहते, आणि शेजारच्या गटाराचे किंवा मुरलेले पाणी सांध्यातून, चिरेतून आत यायला मोकळीक मिळते. चावी उघडल्यावर पहिली धार गढूळ येते आणि तिच्यात जंतूही भरपूर असतात. दाब चौरस इंचाला दहा पौंडांच्या खाली असेल तर पाण्यात क्लोरीन शिल्लक असूनही जंतू वारंवार सापडत होते. दाब सतरा पौंडांच्या वर आणि क्लोरीन शिल्लक, अशा पाण्यात ई-कोलाय एकदाही मिळाला नाही. पहिले पाणी भांड्यात न धरता सोडून देणाऱ्या बायांची सवय किती शहाणपणाची आहे, हे या आकड्यांवरून कळते. अर्थात पाणी दोनच तास येणार असेल आणि दाब बेताचा असेल, तर पहिली धार सोडून देणे प्रत्येकीला परवडतेच असे नाही.

इथवर थांबले असते तर निष्कर्ष सरळ होता: चोवीस तास पाणी द्या, मुलांचे जुलाब थांबतील. आरोग्याच्या अभ्यासकांनी नेमके हेच तपासायला घेतले. आयशा एर्क्युमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिस्थितीने एकमेकींना जुळणाऱ्या सोळा वस्त्यांतली पाच वर्षांखालची मुले असलेली ३,९२२ घरे निवडली आणि नोव्हेंबर २०१० ते फेब्रुवारी २०१२ या काळात प्रत्येक घरी चार फेऱ्यांनी माहिती घेण्याचा क्रम ठेवला. ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात २०१५ साली निष्कर्ष आले ते अभियंत्यांना कोड्यात टाकणारे होते. मुलांच्या जुलाबांत दोन्ही भागांत ठळक फरक नव्हता. मुलांच्या वजनातही नव्हता. कावीळ आणि पटकी यांचेही तसेच. मात्र विषमज्वराचा रुग्ण निघालेली घरे चोवीस तास पाण्याच्या भागात ४२ टक्क्यांनी कमी होती. आणि गरीब घरे वेगळी काढून पाहिल्यावर तिथल्या मुलांतली रक्ती हगवण ३७ टक्क्यांनी कमी दिसली. सुस्थितीतल्या घरांत तसा फरक आढळला नाही.

असल्या अभ्यासावरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: कोणत्या भागाला चोवीस तास पाणी द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते, आणि आपल्याला जादा पाणी मिळते हे लोकांना माहीत होते, मग त्यांच्या सांगण्यावर विश्वास किती ठेवायचा? आक्षेप खरा आहे, आणि अभ्यासकांनी तो स्वतःच लिहून ठेवला आहे. पण त्यांनी एक छान युक्ती केली होती. मुलांच्या जुलाबांबरोबरच सर्दी-खोकला आणि खरचटणे-सोलवटणे यांचीही नोंद घेतली. नळाला पाणी किती तास येते याचा मुलाच्या सोललेल्या गुडघ्याशी संबंध असायचे कारण नाही. तिथेही फरक दिसला असता, तर दोन्हीकडच्या वस्त्याच मुळात वेगळ्या आहेत किंवा एकीकडचे लोक दुखणी वाढवून सांगतात, असा संशय घ्यावा लागला असता. तसा ठळक फरक दिसला नाही. याने आक्षेप पूर्ण मिटत नाही, पण त्याची धार बरीच बोथट होते. इतकी काळजी घेतलेला अभ्यास आपल्या शहरांच्या योजनांच्या वाट्याला क्वचितच येतो.

मग नळाचे पाणी एवढे सुधारूनही जुलाब का हटले नाहीत? एक कारण अभियंत्यांच्याच नोंदींत होते. चोवीस तास पाणी आलेल्या बहुतेक घरांनीही पिण्याचे पाणी भरून ठेवणे सोडले नव्हते, आणि भरलेल्या भांड्यातले पाणी दोन्ही भागांत नळापेक्षा अधिक दूषित निघत होते. हे कोणी अडाणीपणा म्हणून उडवून लावेल. इथे तिसरे शास्त्र कामाला येते: सवयी, पैसा आणि कारभार यांचा अभ्यास. झॅकरी बर्ट आणि ईशा रे यांनी २०१४ मध्ये या शहरातल्या पाणीसाठ्याच्या आणि बिल थकवण्याच्या रीतींवर लिहिले, आणि औपचारिक योजना आली तरी अनौपचारिक व्यवहार कसे टिकून राहतात ते दाखवले. ज्या घराने वर्षानुवर्षे नळाची वाट पाहिली, त्याने एका वर्षात पालिकेवर भरवसा टाकून पिंप अडगळीत ठेवावे, ही अपेक्षाच फाजील आहे. पिंप हा घराने काढलेला विमा असतो, आणि पालिकेचा आजवरचा लौकिक पाहता तो शहाणपणाचाही ठरतो. शिवाय जुलाबाच्या वाटा अनेक: हात, अन्न, माशा, उघडी गटारे. नळाने त्यातली एक वाट बंद केली.

माझा मुद्दा इथे आहे. नुसता अभियंता आला असता तर ०.७ आणि ३१.७ हे दोन आकडे योजनेच्या जाहिरातीवर छापले गेले असते. नुसता साथरोगतज्ज्ञ आला असता तर जुलाबात फरक नाही एवढ्यावर विरोधकांनी योजना फसली म्हणून डांगोरा पिटला असता. नुसत्या समाजशास्त्रज्ञाने सवयींचे वर्णन केले असते आणि त्या सवयींची किंमत जंतूंच्या भाषेत किती पडते ते सांगता आले नसते. तिघांची उत्तरे एकमेकांपुढे ठेवल्यावर जे मिळाले ते कोणा एकाकडे नव्हते: नळ सुधारल्याने विषमज्वर घटतो, लाभ गरिबाला अधिक होतो, आणि उरलेले काम नळीत नाही, घरात आणि गटारात आहे. विद्यापीठांच्या माहितीपुस्तकांत वैविध्याची जी शोभा केली जाते, तिच्याशी याचा संबंध थोडाच. ही उलटतपासणी आहे, आणि ती कोणत्याच शास्त्राला सुखाची नसते.

यावर जाणकार म्हणतील की मोठे शोध असे दहा तोंडांनी लागत नाहीत. एकाच विषयात आयुष्य घालावे लागते. त्यांना दाखला शोधायला धारवाडबाहेर जायला नको. धारवाडच्या कापूस संशोधनातून बी. एच. कटरकी यांनी १९७२ मध्ये ‘वरलक्ष्मी’ हा संकर दिला. अमेरिकन आणि इजिप्शियन अशा कापसाच्या दोन वेगळ्या जातींचा, व्यापारी लागवडीत उतरलेला तो पहिला संकर. लांब धाग्याच्या या वाणाचे नाव महाराष्ट्रातल्या जुन्या कापूस उत्पादकांनाही परके नाही. हे यश एकाच विद्येच्या एकाग्रतेचे होते, यात शंका नाही. पण त्याचे बी कसे तयार होते ते जवळून पाहावे. फूल उमलायच्या आदल्या दिवशी दुपारनंतर मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर नखाने काढून टाकायचे, कळी कागदी पिशवीने झाकायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाच्या फुलाचे पराग तिच्यावर घासायचे. प्रत्येक कळी, हाताने. संकरित बियाण्याच्या शेतांत हे काम बायांच्या आणि मुलांच्या अंगावर पडले, आणि आंध्र-कर्नाटकातल्या बालमजुरीचा प्रश्न म्हणून पुढे समाजशास्त्रज्ञांना ते हाताळावे लागले. संकरित कपाशीबरोबर फवारण्या वाढल्या तेव्हा कीटकशास्त्र आणि वैद्यक दोन्ही मागून धावत आली. एकाग्रतेला माझा विरोध नाही. तिच्याशिवाय दाबमापकाचे आकडेही मिळाले नसते. पण शोध शेतात किंवा रस्त्याखाली उतरला की त्याचे प्रश्न एका खात्याचे राहत नाहीत, आणि दुसऱ्या शास्त्रांना वीस वर्षांनी बोलावण्यापेक्षा आधी बोलावणे स्वस्त पडते.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. गावात विद्यापीठ, मेडिकल कॉलेज, अभियांत्रिकी कॉलेज असे सगळे असताना हा अभ्यास बर्कलीहून का यावा? सहलेखकांत धारवाडचे नारायण बिल्लव आहेत. खर्च, लाभ आणि समन्यायाचा हिशेब मांडणारा २०१८ चा लेख त्यांच्यासह लिहिला गेला, आणि घरोघरचे काम स्थानिक माणसांशिवाय झालेच नसते. तरीही प्रश्न मांडणारे बाहेरचे होते, हे मान्य करावे लागते. याचे कारण बुद्धीत शोधू नये. आपल्याकडे पदोन्नती खात्यात मिळते, अनुदान खात्याला मिळते, प्रबंधाचा परीक्षक त्याच खात्याचा असतो. मेडिकलच्या विद्यार्थ्याने पाइपलाइनवर लिहिले तर तपासायचे कोणी, इथपासून अडते. बाहेरून येणाऱ्यांनाही अपयश चुकलेले नाही: याच अभ्यासाच्या परिवारातून निघालेल्या ‘नेक्स्टड्रॉप’ या कंपनीने हुबळी-धारवाडमध्ये वॉल्व्हमनकडून माहिती घेऊन पाणी कधी येणार ते मोबाइलवर कळवण्याची सेवा सुरू केली, ती पुढे बंगळूरला नेली, आणि तिथल्या क्षेत्रीय चाचणीत तिचा परिणाम फारसा दिसला नाही. संदेश वेळेवर मिळणे आणि पाणी वेळेवर मिळणे यांतले अंतर कुठल्याही वॉल्व्हमनने आधीच सांगितले असते.

आज हुबळी-धारवाडमध्ये याच पद्धतीने तपासण्याजोग्या दोन गोष्टी डोळ्यांसमोर आहेत. एक म्हणजे २०१८ पासून धावणारी ‘चिगरी’ बससेवा. दोन गावांमधल्या बावीसेक किलोमीटरच्या मार्गावर रस्त्याच्या मधोमध राखीव पट्टा आणि मधोमध थांबे. बस किती मिनिटांत पोचते हे वाहतूक अभियंता मोजतो. पण थांबा गाठायला रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीचे काय होते हे विद्यानगरातल्या त्याच मार्गावरच्या मेडिकल कॉलेजच्या अस्थिविभागात कळेल, आणि मार्गालगतची भाडी वाढून कोणाला मागे सरकावे लागले ते अर्थशास्त्रज्ञाला. मार्ग तोच, संस्था त्याच्याच काठाला. दुसरी गोष्ट अधिक निकडीची. जागतिक बँकेने २०१६ मध्ये मंजूर केलेल्या कर्जातून चोवीस तास पाणी आता सगळ्या शहरात नेण्याचे काम हाती घेतलेले आहे. ते पुरे होईपर्यंत काही वॉर्डांत रोज पाणी असेल आणि काहींत नसेल; म्हणजे तुलनेला लागणाऱ्या दोन्ही बाजू तोवर शिल्लक आहेत. वॉर्ड कोणत्या क्रमाने जोडायचे हे पालिका ठरवणारच आहे. तो क्रम आधी जाहीर केला, जोडणीपूर्वीच घराघरांतल्या विषमज्वराची आणि जुलाबांची नोंद मेडिकल कॉलेजकडे, नळाच्या दाबाची अभियांत्रिकी कॉलेजकडे आणि बिलांची व पिंपांची धारवाडच्या अर्थशास्त्रज्ञांकडे सोपवली, तर या वेळी प्रश्नही गावातलाच असेल. शेवटचा वॉर्ड जोडला गेला की मात्र ताडून पाहायला दुसरे काहीच उरणार नाही.