सुवार्ताफेरीचा दिनक्रम : शरणपूर ते मोंबासा

प्रतापनगरच्या रेल्वे वसाहतीच्या आसपास राहणाऱ्या आमच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांतील सहा तरुण व दोन धर्मशिक्षक येत्या हिवाळ्यात तीन आठवड्यांसाठी केनियाच्या किनाऱ्यावर सुवार्ताफेरीस जाणार आहेत. सल्ल्यासाठी ते आले तेव्हा त्यांनी कार्यक्रमाचा एक सुबक तक्ता आणला होता. सकाळी ७ वाजता उपासना, ९ वाजता बालवर्ग, दुपारी गृहभेटी, रात्री साक्षसभा. पाणी कोण भरणार, स्वयंपाक कोण करणार, भांडी कोण घासणार, ह्याला मात्र तक्त्यात जागा नव्हती. मी विचारले तेव्हा त्यांच्यापैकी एक जण निरागसपणे म्हणाला, “फादर, ती व्यवस्था तिकडची मंडळी करणार आहेत.” प्रस्तुत लेख ह्या उत्तरातून निघाला आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना पाठवितो, त्या आज्ञेतील क्रम आपण पुष्कळदा वाचूनही लक्षात घेत नाही. पुढे वाढलेले खावे, आजाऱ्यांना बरे करावे आणि मग देवाचे राज्य जवळ आल्याचे सांगावे, असा तो क्रम आहे. अन्नाचा उल्लेख तर तेथे लागोपाठ दोनदा येतो. प्रेषित हा प्रथम पाहुणा होय. थैली न घेता गेलेला, म्हणून दुसऱ्याच्या चुलीवर अवलंबून असलेला. दिनक्रम म्हणजे सुवार्ताकार्याच्या दोन प्रसंगांमधला रिकामा वेळ नव्हे. यजमान आपल्याला पारखतो तो तेथेच.

ह्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रजी आरमार पकडीत असे. त्यांतून सुटलेली अनेक आफ्रिकन मुले मुंबईस उतरविली जात. त्यांतील काहींचा सांभाळ नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर ह्या वसाहतीत झाला. १८५० नंतरच्या दशकात तेथे मुलांना अक्षरओळख व धर्मशिक्षण ह्यांबरोबर सुतारकाम, लोहारकाम इत्यादी हुन्नर शिकवीत. आफ्रिकेच्या इतिहासात हे लोक ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ओळखले जातात. १८६४ साली विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर व जॉर्ज डेव्हिड हे मोंबासाजवळील राबाई येथे मिशनरी योहान रेबमान ह्यांच्या मदतीस गेले. गोदाकाठच्या एका वसाहतीत वाढलेली माणसे समुद्रापार सुवार्तेसाठी गेली, ही गोष्ट आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत असावयास हवी होती.

त्यांच्यापैकी काही जण डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासातही होते. अशा तांड्याचा दिवस कसा जाई? ऊन चढण्यापूर्वी कूच करावयाचे. ओझी डोक्यावर. नाणे चालत नसे, म्हणून कापडाचे तागे व मणी हीच रोकड. ती वाहावयाची आणि गावोगावी तिच्या बदल्यात धान्य मिळवावयाचे. मुक्कामावर पोचले की लाकडे तोडा, झोपड्या उभारा, पाणी आणा. हिवताप आला तरी ओझे कोणी तरी उचललेच पाहिजे. लिव्हिंग्स्टनने ह्या नाशिकच्या मुलांविषयी आपल्या रोजनिशीत कठोर शब्द लिहिले आहेत, आणि काही मुले खरोखरच त्याला सोडून गेली. परंतु १८७३ साली चितांबोच्या गावी तो मरण पावला तेव्हा दफनविधीची उपासना वाचणारा जेकब वेनराइट शरणपूरचाच होता. सहकाऱ्यांनी तो देह महिनोन् महिने वाहून किनाऱ्यास आणला. १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर मठमंदिरात दफन झाले तेव्हा जेकब तेथे हजर होता. रोजनिशीचा शेरा एका बाजूस आणि तो देह वाहणारे खांदे दुसऱ्या बाजूस ठेवून वाचकांनी स्वतःच विचार करावा.

विल्यम जोन्स पेशाने लोहार. १८७५ साली मोंबासासमोर फ्रियरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली. तिचे प्रमुख विल्यम सॉल्टर प्राइस हे पूर्वी शरणपूरचेच चालक होते. तेथे बॉम्बे आफ्रिकनांनी शिकविले, भाषांतर केले, घरे बांधली; पण वेतन व अधिकार ह्या बाबतींत युरोपीय सहकाऱ्यांहून त्यांचे स्थान खालचे राहिले. ही तक्रार वर्षानुवर्षे धुमसत राहिली. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन ह्यांनी जोन्सला डीकनपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाकडे जाताना बिशपांचा वध झाला. मागे ठेवलेल्या तुकडीला सुखरूप राबाईस आणण्याचे काम जोन्सने केले. तुकडी परतली तेव्हा तिच्या निशाणावर एकच शब्द होता, ‘ईखाबोद’. १ शमुवेलाच्या चौथ्या अध्यायातील त्या नावाचा अर्थ धर्मशिक्षकांना सांगावयास नको.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः त्या किनाऱ्यावर गेलो होतो. फ्रियरटाउनची घंटा ज्या चौकात आहे त्याला लोक केंगेलेनी म्हणतात. स्वाहिली भाषेत केंगेले म्हणजे घंटा. तेथून काही अंतरावरील एका खेड्यात एका घरी आम्हांला मक्याचा उगाली व पालेभाजी वाढण्यात आली. पोट बिघडेल ह्या भीतीने मी माझ्या पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला. त्या माउलीने काही म्हटले नाही. फक्त ताट उचलून मुलांपुढे ठेवले. त्या रात्री मी दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर प्रवचन केले. ते कोणाला आठवत असेल असे वाटत नाही. बिस्किटे आठवत असावीत.

आणखी एक गोष्ट आपल्या मंडळीने जाणून असावी. तिकडे भारतीय माणूस कोरी पाटी म्हणून उतरत नाही. १८९६ ते १९०१ ह्या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जो लोहमार्ग टाकला गेला, त्यासाठी येथून सुमारे ३२,००० मजूर नेले होते व त्यांपैकी सुमारे २,५०० मरण पावले. पुढे भारतीय दुकानदार आले. रेल्वेत हयात घालविलेल्या प्रतापनगरकरांना पहिली आठवण अभिमानाची वाटेल. पण यजमानाच्या मनात बहुधा दुसरी असेल, गल्ल्यावर बसलेल्या शेठची. आपण हुकूम सोडू लागलो की ती लगेच जागी होते.

तेव्हा तक्ता पुन्हा करावा असे मी सुचविले. पहिले तीन दिवस एकही सभा ठेवू नये. दोघा-दोघांनी वेगवेगळ्या घरी राहावे आणि घर बदलू नये. पाणी उकळून पिण्यास हरकत नाही, पण ते स्वतः भरावे व स्वतः उकळावे. हिवतापाच्या गोळ्या वैद्याच्या सल्ल्याने निघण्यापूर्वीच सुरू कराव्यात. आजारी पाहुण्याचा भार यजमानावरच पडतो. भेटवस्तू मुलांना रस्त्यात वाटू नयेत. जे द्यावयाचे ते स्थानिक पाळकाच्या हाती द्यावे, नाही तर आपण गेल्यावर त्याचे रिते हात लोकांच्या डोळ्यांवर येतात. छायाचित्र विचारल्याखेरीज घेऊ नये. नमस्कार, आभार, क्षमा आणि ‘मला शिकवा’ एवढे तरी स्वाहिलीत येथूनच शिकून जावे.

मंडळी तक्ता घेऊन गेली. गेल्या रविवारी त्यांतील एक धर्मशिक्षक भेटले. तिकडे चुली लाकडाच्या असतात की कोळशाच्या, असे विचारीत होते. मी दोन्ही पाहिल्या होत्या, तसे सांगितले.