जवारी ऐकू येईपर्यंत

काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. घरी गाणं नीट ऐकता यावं म्हणून यंत्रं जमवायला निघालेल्या मराठी माणसाने हा आकडा आधी लक्षात ठेवावा. दुकानात पाऊल टाकलं की बेसच्या गोष्टी सुरू होतात. २० हर्ट्‌झपर्यंत उतरणारे सबवूफर वाजवून दाखवले जातात, काचा थरथरतात आणि गिऱ्हाईक भारावतं. पण ख्याल, नाट्यसंगीत, भावगीत, अभंग हे ज्याचं रोजचं ऐकणं, त्याच्या संगीतात पुरुष गायकाच्या खर्जाखाली फारसं काही नसतं. डग्ग्याची घुमक आणि पखवाजाची थाप थोडी खाली जाते, तेवढंच. काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तंबोऱ्याचा खर्ज तर ११६ हर्ट्‌झच्या आसपास असतो. म्हणजे ६० हर्ट्‌झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारे दोन बेताचे स्पीकर आपल्या कामाला पुरतात.

कस लागतो तो वरच्या अंगाला. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवून कारागीर जवारी लावतो. तार घोडीच्या किंचित गोलाईला हलकेच स्पर्श करत राहते आणि त्या स्पर्शातून वरच्या स्वरांशांचा सारा समुदाय जागा होतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, त्यात या घोडीचं वेगळेपण मांडलं. तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशांचा स्थिर बिंदू पडतो, ते स्वरांश नेहमीच्या नियमानुसार उमटायला नकोत. तंबोऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतात. खर्जाच्या तारेतून येणारा स्वयंभू गंधार हा तिचा पाचवा स्वरांश, म्हणजे काळी एकला सुमारे ३४६ हर्ट्‌झ. त्याच्याही वर कित्येक हजार हर्ट्‌झपर्यंत ही रांग जाते. वूफर आणि ट्वीटर जिथे एकमेकांकडे काम सोपवतात, तिथे, म्हणजे दोन-तीन हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात, स्पीकर बिघडलेला असेल तर जवारी पत्र्यासारखी किरकिरते. ट्वीटर मंद असेल तर नुसती गुणगुण उरते. यंत्राचा वेग हलत असेल तर गंधार थरथरतो. घरच्या यंत्रणेची इतकी कडक आणि इतकी सहज मिळणारी परीक्षा दुसरी नाही. नवं काही विकत घेण्याआधी मुद्रणातला तंबोरा एकट्याने झंकारतो ते पहिलं अर्धं मिनिट मन लावून ऐकावं.

घरच्या ऐकण्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर उणीव नेमकी कुठे आहे याचं उत्तर दर पिढीला बदलत गेलेलं दिसतं. १९०२ मध्ये कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेड गाइसबर्गने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा उणीव मुद्रणातच होती. भोंग्यासमोर गायचं, तीन मिनिटांत आटपायचं, तंबोरा तर जवळजवळ गायबच. १९२०च्या दशकाच्या मध्याला मायक्रोफोन आला आणि आवाजात जीव आला, वेळ मात्र तेवढीच राहिली. त्या मर्यादेतही काय साधता येतं, ते केसरबाई केरकरांच्या साडेतीन मिनिटांच्या भैरवीत कळतं. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीवर गोव्याच्या केरी गावच्या या गायिकेचा आवाज आहे. त्या तबकडीसोबत ती वाजवण्यासाठी कार्ट्रिज आणि सुई पाठवलेली आहे आणि वेग मिनिटाला १६⅔ फेरे ठरवलेला आहे. ऐकायचं साधन मुद्रणाबरोबरच पाठवावं, ही ती तबकडी पाठवणाऱ्या शास्त्रज्ञांची समज मला फार मोलाची वाटते.

१९४८ मध्ये कोलंबियाने लाँग प्ले रेकॉर्ड आणली. एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळाल्यावर विलंबित ख्यालाला घरात पहिल्यांदा श्वास घ्यायला जागा झाली. १९५५ मध्ये अली अकबर खाँ यांची एलपी अमेरिकेत निघाली. १९५८च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या. आपल्याकडे मात्र घराघरात वाजत होता तो एचएमव्हीचा फिएस्टासारखा पेटीतला प्लेअर. भारी सिरॅमिक कार्ट्रिज, छोटा स्पीकर, आणि त्या वजनदार सुईखाली झिजणारी रेकॉर्ड. परदेशी सामानावर जबर आयातशुल्क होतं. हौशी माणूस मुंबईत मनीष मार्केट, मुसाफिरखान्यात फिरायचा किंवा आखातातून, बोटीवरून येणाऱ्या नातेवाइकाला यादी द्यायचा. त्या बंद बाजारात सोनोडाइन (कोलकाता, १९७०), कॉस्मिक यांसारख्या देशी नावांनी सुटे अँप्लिफायर आणि स्पीकर बनवले. निवडून निवडून एकेक वस्तू घेण्याची सवय मध्यमवर्गाला या कंपन्यांनी लावली, हे त्यांचं मोठं काम.

मग कॅसेट आली. फिलिप्सने ती १९६३ मध्ये काढली होती. आपल्याकडे १९८०च्या दशकात तिचा पूर आला. पुण्यातल्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या प्रकाशकांनी एरवी कधीच न निघालेलं गाणं घराघरात पोचवलं, हे ऋण न फिटणारं आहे. पण फीत ताणली जाते, रबरी पट्टा सैलावतो आणि षड्ज हलतो. वेगात एक टक्क्याचा फरक म्हणजे सतरा सेंट, अर्धस्वराचा जवळजवळ सहावा हिस्सा. फिल्मी गाण्यात तो खपून जातो. तंबोऱ्यात लगेच कानाला टोचतो. १९८२ मध्ये सीडी विक्रीला आली आणि हा दोष एका फटक्यात संपला. सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला: माणसाच्या कानाला घरात याहून जास्त लागत नाही. आज काही हजारांत मिळणारा डॅक, म्हणजे साठवलेल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा डबा, हे काम असं करतो की त्याचे दोष यंत्राने मोजता येतात, कानाने सापडत नाहीत.

स्कॉटलंडच्या लिन कंपनीने १९७०च्या दशकात आपल्या एलपी१२ टर्नटेबलबरोबर एक सिद्धांत रुजवला: आधी खर्च उगमावर, म्हणजे मुद्रण वाचणाऱ्या यंत्रावर करा, स्पीकर शेवटी. खोबणीतून सूर खरवडून काढायचा त्या काळात हा सल्ला बराचसा खरा होता. आजही तो जसाच्या तसा दिला जातो, आणि माणसं महागडा डॅक घेऊन भिंतीला चिकटवलेल्या स्पीकरवर ऐकत बसतात. उगम आता जवळजवळ निर्दोष आहे. उणीव सरकून खोलीत येऊन बसली आहे.

खोलीबद्दल सविस्तर बोलायलाच हवं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या सभागृहात व्याख्यान कुणाला समजेना, इतका आवाज घुमे. वॉलेस सेबिन या तरुण प्राध्यापकावर ते काम पडलं. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकीच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, सभागृहात पसरायच्या, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, पहाटे गाद्या परत. त्यातून सूत्र निघालं: घनमीटरमधलं आकारमान गुणिले ०.१६१, भागिले खोलीचं एकूण ध्वनिशोषण. आपल्या नेहमीच्या बारा बाय दहाच्या, साडेनऊ फूट उंचीच्या रिकाम्या, प्लॅस्टर केलेल्या खोलीला ते लावून पाहा. आवाज विरायला लागणारा वेळ अडीच सेकंदांच्या पुढे जातो. तीत द्रुत तान म्हणजे नुसता गलका. तीच खोली गादी, जाड पडदे, पुस्तकांची कपाटं, एक गोधडी यांनी भरली की अर्ध्या सेकंदाजवळ येते. गाणाऱ्याला सोयीची म्हणून आपण ज्याला बैठक म्हणतो ती गाद्या-लोडांची मांडणी ध्वनिशास्त्रानेही उत्तम आहे.

गाद्यांनी खालचे सूर मात्र शोषले जात नाहीत. दहा फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्‌झची अर्धी लाट बरोबर बसते, साडेनऊ फुटांच्या उंचीत ५९ची. दोन्ही जवळजवळ एकाच ठिकाणी पडल्यामुळे डग्ग्याचा एखादाच बोल अवाच्या सवा घुमतो. स्पीकर कोपऱ्यात असेल तर दुप्पट. उपाय फुकटचा आहे: स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढा, कोपऱ्यातून काढा, आपली बसण्याची जागा खोलीच्या बरोबर मध्यावरून हलवा. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधा. आणि इथे परदेशी पुस्तकांतला एक आकडा आपल्याला चालत नाही. तिथली मापं सोफ्यावर बसणाऱ्याची, कान सव्वातीन फुटांवर. मांडी घालून खाली बसलेल्या माणसाचा कान अडीच फुटांच्या आसपास असतो. बैठक मारून ऐकणार असाल तर स्टँड त्या मानाने बुटके हवेत, नाहीतर स्पीकर पुढे झुकते ठेवायला हवेत.

पैसे मोजायचे ते यानंतर, आणि त्यातले निम्मे तरी स्पीकरवर. बीबीसीने १९७०च्या दशकात बाहेरच्या ध्वनिक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए नावाचा फूटभर उंचीचा स्पीकर घडवला. गाडीत जागा नाही, काम मुख्यतः बोलण्यावर लक्ष ठेवण्याचं, म्हणून मानवी आवाज खरा लागावा एवढाच हट्ट धरला. बेसचा मोह सोडला. कंठसंगीत ऐकणाऱ्याला हा स्पीकर आजही गुरुस्थानी आहे. मागाहून कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांना गुण द्यायला लावले. समोरून सपाट आणि बाजूंनाही सुरळीत आवाज सोडणारे स्पीकरच बहुतेकांना आवडले. पुढच्या चाचण्यांत पडदा काढून स्पीकर दिसू लागला की गुण बदलले. स्टुडिओत वापरतात तसे, आतच अँप्लिफायर असलेले साधे मॉनिटर याच तत्त्वावर बनतात आणि सुरुवात करणाऱ्याला मी तेच सुचवीन. आपल्याकडेही गंभीर काम झालं आहे: पुण्याच्या केडन्सने इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्याचे, कोचीच्या रेथमने हॉर्नचे स्पीकर बनवले.

अँप्लिफायरबद्दल थोडक्यात. ८६ डेसिबल संवेदनक्षमतेच्या स्पीकरला लहान खोलीत सरासरी ऐकण्यासाठी एक वॉटही पुरतो. तबल्याच्या थापेसाठी दहा-वीस पट राखीव असले म्हणजे झालं. १९७८चा एनएडी ३०२० वीस वॉटचा होता आणि त्याने जगभर हजारो घरं सुखी केली. वायरींवर पैसे घालू नयेत. पुरेशी जाड तांब्याची वायर, घट्ट टोकं, नीट अर्थिंग, इतकंच. बंगल्या-वाड्यांच्या जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंग नसल्याने जी घूं ऐकू येते, ती हजारोंच्या केबलने जात नाही, इलेक्ट्रिशियनने जाते.

ज्यांच्याकडे वडिलोपार्जित रेकॉर्डचा गठ्ठा आहे त्यांनी टर्नटेबल जरूर घ्यावा, कारण त्यातलं बरंच गाणं दुसरीकडे कुठेच नाही. वेग तपासायला कागदी चकती मिळते. १८० रेघांची चकती फिरवून ५० हर्ट्‌झच्या विजेवरच्या साध्या बल्बखाली धरा; रेघा जागच्या जागी थिजल्या तर वेग बरोबर ३३⅓. एलईडी दिवे पुष्कळदा लुकलुकत नाहीत, तिथे ही युक्ती फसते. सुई हजार तासांच्या आत बदलावी. झिजलेली सुई रेकॉर्ड कायमची खाते. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत रेकॉर्डला बुरशी धरते, ती ऊर्ध्वपातित पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावी. जुने स्पीकर घेताना कोनाची कडा बोटाने पाहा. फोमची कडा आपल्या दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत भुगा होते, रबराची टिकते.

सुधारणा करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दोन्हींचा आवाज सारखा ठेवून तुलना करावी. किंचित मोठं वाजणारं यंत्र कानाला नेहमीच चांगलं वाटतं. दुकानातल्या निम्म्या चमत्कारांचं मूळ यात आहे. मोनो मुद्रणही हाताशी ठेवावं. जुना एकेरी आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, एका बिंदूतून आला पाहिजे. तो पसरट झाला आणि बेस नाहीसा झाला, तर एका स्पीकरच्या वायरी उलट्या जोडलेल्या आहेत.

आणि हे सगळं जमल्यावर एक उणीव उरते, ती घरात बसून कुणालाच दुरुस्त करता येत नाही. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणवणाऱ्या तबकड्या पुष्कळदा ७६, ८० अशा वेगवेगळ्या वेगांनी मुद्रित झाल्या. ७६ची ८०ने वाजवली की सूर जवळजवळ अर्धस्वराने चढतो. मिरजेत राहून तंबोऱ्याच्या एकेका तारेवर जीव टाकणाऱ्या अब्दुल करीम खाँ साहेबांचं गाणं आपण त्यांच्या खऱ्या षड्जात ऐकतो आहोत का, हे आजच्या स्ट्रीमिंगवरून कळायला काही मार्ग नाही. मूळ टेप की झिजलेली रेकॉर्ड, कोणत्या वेगाने उतरवली, खरखर काढताना तंबोराही पुसला का, यातलं काहीच छापलेलं नसतं. पुष्कळदा तो पुसलेलाच असतो, कारण खरखर आणि जवारी यंत्राला सारखीच दिसते. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्याचं मुद्रण ज्यांच्या ताब्यात आहे, त्या कंपन्यांनी प्रत्येक ध्वनिमुद्रणाबरोबर साल, जागा, वेग, पट्टी आणि मूळ प्रत एवढ्या पाच गोष्टी दिल्या पाहिजेत, आणि आपण पैसे भरणाऱ्या श्रोत्यांनी त्या लेखी मागितल्या पाहिजेत.