बांधाखालची काच जपा

करमाळा तालुक्यातलं केम म्हटलं की परगावच्या माणसाला आधी कुंकू आठवतं, आणि मग सोलापूर-पुणे मार्गावरचं रेल्वे स्टेशन. १८६० साली रेल्वे सोलापूरला पोचली. रुळांच्या सोबतीनं तारायंत्राच्या तारा आल्या. आता रेल्वेच्या जागेतून काचेचा तंतू धावतो. २००० साली स्थापन झालेल्या 'रेलटेल' या सरकारी कंपनीनं देशभर रुळांच्या कडेनं ६० हजार किलोमीटरहून जास्त लांबीचं असं जाळं विणलं आहे. ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तीच आजची 'भारतनेट'.

तुम्ही म्हणाल, आमचं सगळं मोबाइलवर चालतं, ते हवेतून येतं. खरं आहे, पण हवेतून येतं ते टॉवरपासून तुमच्या हातापर्यंत. टॉवरच्या पुढचा मुंबई-पुण्यापर्यंतचा लांबचा पल्ला जमिनीखालच्या काचेतूनच गाठला जातो.

विहिरीत पोहणाऱ्याला विचारा

काचेतून उजेड वाकडातिकडा जातो कसा? विहिरीत पोहणाऱ्याला हे चटकन उमजेल. बुडी मारून सरळ वर पाहिलं तर आभाळ दिसतं. तिरकं पाहिलं तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो आणि त्यात विहिरीच्याच भिंती दिसतात. पाण्यातून फार तिरका निघालेला उजेड हवेत जात नाही, उलटून आत येतो.

केबलमध्ये हेच घडवून आणलेलं असतं. तंतूची जाडी मिलिमीटरचा आठवा भाग, म्हणजे केसापेक्षा थोडी जास्त. त्याच्या मध्यभागी त्याहून कितीतरी बारीक गाभा असतो आणि भोवती किंचित वेगळ्या काचेचं आवरण. गाभ्यात शिरलेला उजेड आवरणाला तिरका भिडतो आणि परत गाभ्यातच वळतो.

एका टोकाला लेझर दिवा असतो. तो सेकंदाला अब्जावधी वेळा लुकलुकतो. उजेड म्हणजे एक, अंधार म्हणजे शून्य. तुमचा आवाज, फोटो, बँकेचा व्यवहार, सगळं या एक-शून्यात मांडलेलं असतं. पलीकडचं यंत्र ते मोजून पुन्हा जुळवतं. काचेत उजेडाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. केमहून मुंबईला पोचायला त्याला सेकंदाचा पाचशेवा भागसुद्धा पुरतो.

पुण्यातली सुरुवात

वाकलेल्या काचतंतूंतून चित्र नेण्याचं काम पंजाबात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये जगापुढं मांडलं. पण तेव्हाची काच गढूळ होती, उजेड वाटेतच विरायचा. काच पुरेशी शुद्ध केली तर दूरवर बोलता येईल, हे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये सांगितलं. त्याबद्दल २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज काच इतकी शुद्ध आहे की १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा उजेड शिल्लक असतो.

आपल्या देशात टेलिफोन एक्स्चेंज जोडण्यासाठी असा तंतू पहिल्यांदा वापरला तो १९७९ मध्ये, पुण्यात. आता हा तंतू छत्रपती संभाजीनगरलाही तयार होतो.

तुटली की अडतं

एवढ्या गुणाची वस्तू नाजूकही तितकीच. चारी खणताना जेसीबीचा एक घाव बसला की गावाची रेंज जाते. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नाही, डिजिटल सातबारा निघत नाही, बँकेत 'लिंक नाही' ऐकून माघारी यावं लागतं. कुंकवाची ऑर्डर आणि पैसे दोन्ही फोनवरच येतात, तेही थांबतात.

जोडणीही सोपी नसते. तांब्याच्या तारेसारखा पीळ देऊन काम भागत नाही. तंत्रज्ञ आधी उजेडाचा ठोका सोडतो. तुटल्या जागेवरून तो परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढतो. मग तिथं खणून, केसाएवढी टोकं समोरासमोर धरून विजेच्या ठिणगीनं वितळवून जोडतो. एका केबलमध्ये असे अनेक तंतू असतात, प्रत्येक वेगळा जोडावा लागतो.

म्हणून शेतकरी बंधूंनो, पाइपलाइन किंवा चारी खणण्याआधी एवढं करा :

● रस्त्याकडेला केबलच्या खुणेचे दगड किंवा पाट्या आहेत का ते पाहा. केबल साधारण दीड मीटर खोल टाकायची असते, पण खडक लागला की ती वरच राहते.

● ग्रामपंचायतीत विचारा. मार्च २०२३ पासून केंद्र सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप आहे. त्यावर खोदाईची जागा कळवली की तिथल्या केबलवाल्यांना निरोप जातो.

● केबल तुटलीच तर माती लोटून झाकू नका, लगेच कळवा. लपवलेला तुकडा शोधण्यातच दिवस जातो.

● तुटलेल्या टोकात डोकावू नका. आतला उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण डोळा निकामी करू शकतो.

आणि तांब्याच्या आशेनं कुणी केबल तोडत असेल, तर त्याला सांगा : या तंतूत तांबं नाही, निव्वळ काच आहे. भंगारात तिला किंमत नाही. गावाचं मात्र तिच्यावाचून अडतं.