सरगॅसमवर धावणारी गाडी

बार्बाडोस म्हटलं की आपल्याला २०२४च्या टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना आठवतो. त्याच वर्षी त्या बेटावर सागरी शेवाळाच्या वायूवर मोटार चालवून दाखवली गेली. मला ती बातमीही तितकीच मोलाची वाटते.

हे शेवाळ म्हणजे सरगॅसम. अटलांटिकमधल्या त्याच्या जाती वायूने भरलेल्या इवल्या फुग्यांच्या आधारे आयुष्यभर पाण्यावर तरंगत वाढतात. २०११पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर त्याचे ढीग येऊन पडू लागले. २०१८मध्ये उपग्रहांना पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारे ८,८५० किलोमीटरचा पट्टा दिसला. त्यातलं शेवाळ दोन कोटी टनांहून जास्त होतं. किनाऱ्यावर ते कुजलं की हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. पर्यटक पाठ फिरवतात, मच्छीमारांच्या होड्या अडकतात.

वेस्ट इंडीज विद्यापीठातल्या डॉ. लेजेना हेन्री आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हेच शेवाळ बायोगॅसच्या टाकीत घातलं. तत्त्व आपल्या गोबरगॅसचंच: हवा नसलेल्या टाकीत जिवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवतात आणि मिथेन तयार होतो. तो शुद्ध करून दाबाखाली भरला की सीएनजीच्या गाडीला चालतो. ताज्या शेवाळात बहुतांश पाणीच असतं. ते वाळवायचं तर त्यातच इतकी ऊर्जा खर्च होते की इंधनाचा हिशोब जुळत नाही. टाकीत मात्र ओलं शेवाळ तसंच घालता येतं, आणि या पद्धतीची खरी ताकद मला इथे दिसते. अडचण मिठाची आणि गंधकाची. नुसत्या शेवाळावर जिवाणू नीट वाढत नाहीत. म्हणून त्यात रमच्या डिस्टिलरीचं सांडपाणी मिसळलं आणि स्थानिक ब्लॅकबेली मेंढ्यांच्या लेंड्या घातल्या. सांडपाण्याने मीठ पातळ होतं, जिवाणूंना सहज पचणारं खाद्यही मिळतं. लेंड्यांतून जिवाणू येतात. डिस्टिलरीच्या अशा सांडपाण्यापासून, म्हणजे स्पेंटवॉशपासून, बायोगॅस करणं आपल्या साखर कारखान्यांना नवं नाही.

पण म्हणून कोकणातलं सरगॅसम उपटायला कुणी निघू नये. ते वेगळ्या जातींचं, खडकांना धरून वाढतं आणि माशांच्या पिल्लांना आसरा देतं. बार्बाडोसला इंधन मिळतं ते आयत्या येऊन पडणाऱ्या ढिगांतून. तेही वर्षभर सारखे येत नाहीत, त्यामुळे साठवणीची सोय हवीच. शिवाय सरगॅसम समुद्रातलं आर्सेनिक शोषून घेतं. टाकीतून उरणारी मळी शेतात खत म्हणून पसरण्याआधी ती तपासावीच लागते.