पेटीतली देवी, बैल आणि हरवलेली काडी

फाशांचा फड : भाग 7

गेल्या आठवड्यात आपण नकाशा आखला. शिरूरजवळून खाली उतरणारी घोड, दौंडच्या कडेनं वाहणारी भीमा आणि दोघींच्या मधला कोरडा माळ. पात्रांचे कागद भरून झाले, वीस बाजूंचे फासे आले. आता प्रत्येक नव्या गेम मास्टरला जी घाई होते, तिच्याबद्दल बोलू. कथेत एखादी जबरदस्त जादुई वस्तू आणायची, आणि तीही दुसऱ्याच सेशनला!

साध्या जादुई तलवारीचा हा विषय नाही. फाशावर एक-दोन आकडे वाढवून देणारी तलवार हे शेवटी हत्यारच. दोन लेव्हल चढल्या की खेळाडू ती विकून नवी घेतो. आर्टिफॅक्ट मात्र जगात एकच असतो. तो कुणीतरी घडवलेला असतो, कुणाच्या तरी हातून हरवलेला असतो आणि नियमांच्या पुस्तकात न बसणारं काहीतरी करतो.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली आला आणि 1976 साली ‘एल्ड्रिच विझार्ड्री’ या पुरवणीत अशा वस्तू खेळात शिरल्या. त्यातला वेक्नाचा हात आणि डोळा आजही सगळ्यांना आठवतो. वेक्ना हा जुन्या काळातला एक दुष्ट जादूगार. त्याचे एवढेच दोन अवयव मागे उरलेले. त्याचा हात वापरायचा तर आधी स्वतःचा हात तोडायचा आणि त्या जागी तो लावायचा. डोळ्याचंही तसंच. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कोण तयार होतो, हे पाहण्यातच अर्धं सेशन जातं. पुढे 1979 साली गॅरी गायगॅक्सनं गेम मास्टरसाठी लिहिलेल्या जाडजूड पुस्तकात आर्टिफॅक्टचे इतिहास दिले, पण त्यांच्या बऱ्याचशा शक्तींच्या जागा कोऱ्या सोडल्या. ज्यानं त्यानं त्या आपल्या खेळापुरत्या भराव्यात. मला ही युक्ती फार आवडते. खेळाडूनं पुस्तक पाठ केलं तरी समोरच्या वस्तूचा त्याला पत्ता लागत नाही.

त्या कोऱ्या जागा भरायच्या कशा? आपल्याकडे यासाठी महाभारताइतकं चांगलं पाठ्यपुस्तक नाही. कर्णाची शक्ती घ्या. इंद्र कवचकुंडलं मागून नेतो आणि बदल्यात अमोघ अस्त्र देतो. अट एकच, ते एकदाच चालेल. कर्ण ते अर्जुनासाठी राखून ठेवतो. मग युद्धाच्या त्या रात्री घटोत्कच कौरवसेनेची दाणादाण उडवतो, सगळे कर्णाच्या मागे लागतात आणि अर्जुनासाठी ठेवलेलं अस्त्र घटोत्कचावर खर्ची पडतं. पांडव रडत असतात आणि कृष्ण आनंदानं नाचतो. गेम मास्टरनं हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावा. कृष्ण कर्णाच्या हातून अस्त्र हिसकावत नाही, ते निकामीही करत नाही. ते आत्ताच वापरावं लागेल अशी वेळ त्याच्यावर आणतो. खेळाडूकडची वस्तू अती भारी झाली म्हणून ती चोराकरवी पळवणारे गेम मास्टर मी पाहिले आहेत. खेळाडू ते विसरत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

दुसरा धडा स्यमंतक मण्याचा. गणेश चतुर्थीला चंद्र का पाहू नये, या गोष्टीतून तो आपल्याला लहानपणापासून माहीत असतो. मणी रोज आठ भार सोनं देतो, पण पूर्ण कथेत तो एकदाही लढत नाही. त्याचा मालक सत्राजित तो कृष्णाला द्यायला नाकारतो. सत्राजिताचा भाऊ प्रसेन तो गळ्यात घालून शिकारीला जातो आणि सिंहाच्या तावडीत सापडतो. जांबवान सिंहाला मारून मणी आपल्या पोराला खेळायला देतो. इकडे द्वारकेत कुजबुज सुरू होते की कृष्णानंच प्रसेनाला मारलं. पुढे त्याच मण्यापायी सत्राजितही जिवाला मुकतो. वस्तू काय करते यापेक्षा ती कुणाला हवी आहे आणि ती नाहीशी झाल्यावर बोट कुणाकडे जातं, यातून कथा वाढत गेली. तुमच्या आर्टिफॅक्टसाठी आधी निदान तीन माणसं लिहा ज्यांना तो हवा आहे. शक्ती नंतर लिहिली तरी चालेल.

आता आपल्या नकाशावर येऊ. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत आणि आजूबाजूला कच्चा माल मुबलक आहे. कुकडीच्या रांजणखळग्यांपलीकडे निघोजला मळगंगेच्या यात्रेत बारवेतून घागर वर येते अशी श्रद्धा आहे. ठरावीक दिवशीच प्रकटणारी वस्तू ही कल्पना तिथून घ्या. सिद्धटेकला पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके यांची गोष्ट सांगतात. पद गेलं तेव्हा त्यांनी डोंगराभोवती एकवीस प्रदक्षिणा घातल्या आणि पद परत मिळालं. म्हणजे किंमत सोन्यात घेतली पाहिजे असं नाही, ती पायांनीही फेडता येते. रांजणगावच्या महागणपतीची मूळ मूर्ती, दहा सोंडांची आणि वीस हातांची, तळघरात आहे असं लोक सांगतात. देवस्थान ते नाकारतं, आणि नकारानं बोलणं थांबत नाही. अफवा कशी टिकते ते इथे शिकावं. मात्र पूजेतली मूर्ती उचलून ती लुटीच्या पोत्यात टाकू नका. वढू बुद्रुकच्या समाधीसारख्या जागांना तर खेळात हातही लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. टेबलावर बसलेल्या कुणाची तरी ती श्रद्धा असते, आणि आपण जमतो मजेसाठी.

शिरूरचीच आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. इथे इंग्रजांची छावणी होती. तिथला कर्नल वॉलेस 1809 साली वारला, आणि त्याच्या थडग्याला आसपासची माणसं सत्पुरुषाचं स्थान मानू लागली. सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य तिथे जाई आणि तो चुकला तर अरिष्ट येईल अशी धास्ती असे, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या 1885च्या गॅझेटियरमध्ये आहे. परक्या सैन्याचा अधिकारी मेल्यावर पिकाचा राखणदार झाला! ही जाच करणाऱ्या वस्तूची फार उपयोगी जात. ती वापरल्याची किंमत घेत नाही, विसरल्याची घेते.

पण आपल्या कॅम्पेनसाठी मी निवडलंय इनामगाव. शिरूर तालुक्यात घोडेच्या काठावरचं हे गाव पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना जगभर माहीत आहे. डेक्कन कॉलेजनं 1968 पासून 1983 पर्यंत इथे उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. सुमारे इ.स.पू. 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती सापडली. एका घराच्या जमिनीखाली मातीची लंबगोल पेटी निघाली, झाकणासकट. आत एक स्त्रीमूर्ती. झाकणावर दुसरी स्त्रीमूर्ती, हिला डोकंच नाही, आणि सोबत एक बैल. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. त्यातून काडी घातली की देवी बैलावर बसते. मूर्ती न भाजलेल्या मातीच्या.

आणखी दोन गोष्टी. इथे लहान मुलांना दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवून त्यात पुरत, घराच्याच जमिनीखाली. मोठ्या माणसांना पुरताना त्यांची पावलं घोट्याखाली तोडत. मेलेल्यानं चालत निघून जाऊ नये म्हणून असेल, असं अभ्यासक म्हणतात. आणि पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण निघाला. त्याच्या शेजारी धान्याचं कोठार, आणि रांजणात मांडी घातलेला एक पुरुष. त्याची पावलं शाबूत होती.

हे वाचून ज्या गेम मास्टरचा हात पेन्सिलीकडे जात नाही, त्यानं कॅरम खेळावा.

खोदकामातून आलेलं इथे संपलं, पुढचं सगळं आपल्या कल्पनेचं. काळ वस्तीच्या उतरतीचा घेऊ. पाऊस आटतो आहे आणि मोठी चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या येताहेत (हा बदल उत्खननातही दिसतो). पेटीची शक्ती अशी: ती ज्या घराच्या जमिनीत पुरली, त्या घरातलं मूल दगावत नाही. तिन्ही वस्तू जुळवून, काडी घालून पुरली तर अख्ख्या गावातलं दगावत नाही. किंमत अशी: जो पुरतो त्याची पावलं त्या शिवेबाहेर कधीच पडत नाहीत. आपल्या खेळातली पात्रं भटकी असतात, त्यांचा सगळा धंदा चालण्यावर. त्यांना जीवबिंदूंची वजाबाकी सांगा, ते हसतील. पुन्हा कधीच शीव ओलांडता येणार नाही असं सांगा, मग टेबल गप्प होतं. आणि रांजणातल्या माणसानं पेटी वापरूनही पावलं कशी वाचवली, हे कॅम्पेनचं कोडं झालं. त्याचं उत्तर मी इथे देत नाही. तुमचे खेळाडू हा भाग वाचत असतील.

वस्तूचे तुकडे असणं हा मोठाच फायदा. आर्टिफॅक्ट एकाच्या हातात गेला की बाकीचे चौघं मोबाइल पाहू लागतात, हा नेहमीचा अनुभव. ‘एल्ड्रिच विझार्ड्री’तच सात तुकड्यांचा दंड होता, आपल्याकडे पेटी, देवी आणि बैल आहे. एकेक एकेकाकडे द्या. देवी जवळ असलेल्याला रात्री मुलांचं रडणं ऐकू येतं, बैल जवळ असलेल्याला पाण्याची दिशा कळते. पेटीवाल्याला काहीच होत नाही, आणि आपल्यालाच का काही होत नाही याचा त्याला संशय येऊ लागतो. काडी कुणाकडेच नाही. ती शोधायची, की दुसरी तासून चालेल? हा प्रश्न खेळाडू पहिल्या तासातच विचारतात. चालेल म्हणा. मात्र ती काडी कुठल्या झाडाची घेतली हे वहीत लिहून ठेवा, पुढे कामाला येतं.

हवी असणारी माणसं तीन. पहिला कोठारवाला, त्याला पेटी हवी कारण जिथे पोरं जगतात तिथे माणसं राहतात, आणि माणसं राहिली तर त्याचं कोठार भरतं. दुसरी, दोन मुलं पुरलेली आणि तिसऱ्यांदा गरोदर असलेली बाई. ही खलनायिका नाही, पण ती चोरी करेल, आणि खेळाडूंना तिला मारवणार नाही. तिसरं भीमाकाठचं गाव. त्यांचं म्हणणं, पेटी मुळात आमची.

आता नाश कसा होतो. प्रसिद्ध कथांत महावस्तू नष्ट करायला ज्वालामुखीपर्यंत जावं लागतं. इथे उलटं करा. माती न भाजलेली आहे, घोडेत बुडवली की विरघळेल. नदी हाकेच्या अंतरावर. कुणीही, कधीही ती संपवू शकतो, आणि कुणालाही संपवायची नाही. त्यामुळे साधा पाऊससुद्धा भीतीचा होतो. दौंड तालुक्यातल्या शिरापूरहून सिद्धटेकला जायला पूर्वी नावेतून भीमा ओलांडावी लागे. तसाच उतार आपल्या नकाशावर आहेच. तिथे नाव हलू द्या.

एखादा हुशार खेळाडू नक्की म्हणेल, आपण ही भट्टीत भाजून पक्की करू या की. इनामगावात कुंभाराची भट्टी सापडलेली आहे, त्यामुळे तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. करू द्या. भाजलेली पेटी पाण्याला दाद देत नाही, तिची शक्ती टिकते, आणि किंमतही पक्की होते: पुरणाऱ्याबरोबर त्याच्या वंशाचीही पावलं अडकतात. हे भाजण्याआधी कळायला हवं, नाहीतर तो दगा ठरेल. म्हाताऱ्या कुंभारणीच्या तोंडून एक वाक्य टाका आणि मग गप्प बसा.

या वस्तूसाठी फासा टाकायला लावू नका, एवढं पथ्य मात्र पाळा. पेटी ओळखायला फासा, नाव सावरायला फासा ठीक. ती पुरायची, बुडवायची की त्या बाईला द्यायची, हे खेळाडूंनी बोलून ठरवावं, आणि बोलण्यात रात्रीचे अकरा वाजले तर वाजू द्यावेत. आमच्याकडे हा निर्णय व्हायला दोन सेशन लागले. त्यात लढाई एकही झाली नाही, आणि एरवी लढाईशिवाय जांभया देणारा आमचा गडीच सगळ्यात जास्त भांडला.

पेटी आणायची केव्हा? पाचव्या-सहाव्या सेशनच्या आत नको. आधी गावातली दोन-चार मुलं नावानिशी खेळाडूंच्या ओळखीची व्हायला हवीत, त्यांच्या हातची बोरं पात्रांनी खाल्लेली असावीत. तोवर पेटीच्या नुसत्या गोष्टी कानावर पडू द्या, आणि दर वेळी वेगळ्या. त्यातली एखादी खोटी असली तरी हरकत नाही.

पुढच्या भागात रांजणातला माणूस : मेलेल्याशी सौदा करताना गेम मास्टरनं काय काय लपवावं.